कुलाब्याहून कुलाब्याकडे : चुंबकीय वेधशाळेचे स्थलांतर आणि विद्युत्-विद्येची परंपरा

१

विद्युत्-अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना महाविद्यालयांच्या स्थापनेचे सन, अभ्यासक्रमांचे आराखडे आणि पदव्यांची नावे यांनाच सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. या पद्धतीने पाहिले असता पश्चिम भारताचा अनुक्रम सरळ मांडता येतो. पुण्यास १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. मुंबईस १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. बंगळूरच्या विज्ञान-संस्थेत १९११ मध्ये विद्युत्-तंत्राचे अध्यापन सुरू झाले. आणि रायगड जिल्ह्यात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा १९८९ मध्ये संमत झाला. या क्रमात रायगडचा किनारा सर्वांत शेवटी येतो, आणि तेथे त्यापूर्वी या विद्येचे काही घडलेच नाही, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु पदवी ही विद्येची एक खूण होय. ती विद्येचा उगम नव्हे. विद्युत् आणि चुंबकत्व ही एकाच शक्तीची दोन रूपे असल्याचे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले, आणि ज्या शिस्तीवर ही विद्या उभी राहिली ती शिस्त मोजमापाची होती. ही मोजमापाची शिस्त प्रथम कोठे रुजली, ती कोणत्या विद्यार्थ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी सांभाळली, आणि तिच्यावर संकट आले तेव्हा तिला आश्रय कोठे मिळाला, हे प्रश्न विचारले म्हणजे उपरोक्त अनुक्रम बराच बदलतो, व अलिबागेच्या समुद्रकाठी १९०४ पासून उभ्या असलेल्या चुंबकीय वेधशाळेला त्यात महत्त्वाचे स्थान द्यावे लागते.

२

या वेधशाळेची पूर्वपीठिका मुंबईतील कुलाब्याची. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा उभारली ती मुख्यत्वेकरून खगोलीय वेधांसाठी व बंदरातील जहाजांस अचूक वेळ पुरविण्यासाठी. तिच्या कार्यास नवे वळण मिळाले ते १८४१ मध्ये. जर्मनीत गाउस या गणितज्ञाने १८३२ मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय बलाचे निरपेक्ष मापन करण्याची रीत सिद्ध केली होती, आणि गॉटिंगेन येथील मंडळाच्या प्रेरणेने पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणी एकाच वेळी चुंबकीय वेध घेण्याची योजना आखली गेली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या आग्रहावरून कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई ही ठाणी आपल्याकडे घेतली. मुंबईचे काम एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांजकडे आले.

येथेच या इतिहासात विद्यार्थ्याचा प्रवेश होतो. ऑर्लेबार यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे हे वेधशाळेत सहायक म्हणून नेमले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांच्या आसपास होते. केरूनानांचा जन्म १८२५ मध्ये नागाव येथे झाला. नागाव हे अलिबागेच्या दक्षिणेस असलेले अष्टागरातील गाव. ज्या सुमारास हा मुलगा मुंबईत यंत्रांपुढे बसू लागला, त्याच सुमारास, म्हणजे १८४० मध्ये, त्याच्या गावच्या मुलखावर राज्य करणारे आंग्र्यांचे संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. एका पिढीचे आरमारी वैभव अस्तास जात असता त्याच किनाऱ्यावरील एक मुलगा चुंबकसूचीची हालचाल नोंदविण्याची विद्या शिकत होता, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

केरूनाना पुढे पुण्यास प्राध्यापक झाले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ १८६० चा. गणित व पदार्थविज्ञान या विषयांवर त्यांनी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले व १८८४ मध्ये निधन पावले. त्यांच्या उत्तरायुष्यातील ज्योतिर्गणितावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यांची उमेदवारी एका भौतिक प्रयोगशाळेत झाली होती, या गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रंथातील सिद्धान्त आणि दररोज ठरल्या घटकेस घेतलेला वेध यांची सांगड घालण्याची सवय त्यांस तेथे लागली, असे अनुमान करावयास हरकत नाही.

‘वेध’ हा शब्दही येथे विचारात घेण्यासारखा आहे. ‘व्यध्’ म्हणजे भेदणे या धातूपासून तो निघाला. नेम धरून लक्ष्य भेदण्याचा अर्थ त्यात मुळापासून आहे. ज्योतिषाच्या परंपरेतून तो मराठीस मिळाला आणि चुंबकसूचीच्या निरीक्षणालाही तोच सहज लागू पडला. नव्या विद्येस जुन्या शब्दाचे घर मिळाले ते असे.

३

कुलाब्याच्या वेधांची अखंड मालिका १८४६ पासून धरली जाते. प्रारंभी सर्व वेध डोळ्यांनी घेतले जात. तंतूस टांगलेल्या चुंबकाचे विचलन निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचून तासातासाला वहीत उतरवीत, आणि चुंबक अस्वस्थ दिसू लागला की नोंदींतील अंतर काही मिनिटांवर आणीत. या पद्धतीची कसोटी १८५९ च्या सप्टेंबरात लागली. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस इंग्लंडात कॅरिंग्टन याने सूर्यबिंबावर अकस्मात झालेला प्रखर उजेड पाहिला. दुसऱ्या दिवशी युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली, आणि कुलाब्याच्या क्षैतिज बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदविली गेली. तेथील क्षैतिज बलाचे एकूण मान ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला आणि शांत दिवसातील चढउतार काही दशकांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटीचे प्रमाण कळते. या नोंदींचे पुनर्विश्लेषण अमेरिकी, ब्राझीली व भारतीय संशोधकांनी मिळून २००३ मध्ये प्रसिद्ध केले. दीडशे वर्षांपूर्वीच्या, बहुतांशी अनाम राहिलेल्या निरीक्षकांच्या वह्या अशा रीतीने आधुनिक विज्ञानास उपयोगी पडल्या.

१८७२ पासून छायालेखनाची योजना झाली. चुंबकास लहानसा आरसा जोडावयाचा, त्यावर दिव्याचा किरण सोडावयाचा व परावर्तित किरण फिरत्या नळकांड्यावरील प्रकाशसंवेदी कागदावर पडू द्यावयाचा, अशी ती रीत होती. चुंबक जसा हलेल तशी कागदावर रेघ उमटे. निरीक्षक झोपी गेला तरी यंत्र जागे राहू लागले. त्या काळचे संचालक चार्ल्स चेंबर्स १८९६ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या जागी नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस आले. या पदावरील ते पहिले भारतीय होत.

मूस यांचा जन्म १८५९ चा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षाचा. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले; १८५४ च्या वर्गातून वाढलेली ही संस्था १९११ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली व २०२२ मध्ये तिचे तंत्रशास्त्र विद्यापीठात रूपांतर झाले. पुण्यानंतर मूस यांनी एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली व मुंबईस येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविले. अभियंता, पदार्थविज्ञानाचा अध्यापक आणि वेधशाळेचा संचालक या तिन्ही भूमिका एका व्यक्तीच्या ठायी एकत्र येणे हा केवळ योगायोग असेल. परंतु पुढील दहा वर्षांत जे संकट उद्भवले त्याचे निवारण करण्यास या तिन्हींची गरज होती.

४

ते संकट विजेचे होते. मुंबईतील ट्राम १८७४ पासून घोड्यांनी ओढली जात असे. शतकाच्या अखेरीस ती विजेवर चालविण्याचा विचार बळावला. १९०५ मध्ये विद्युत्पुरवठा व ट्राम यांची कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम शहरात धावली. नागरिकांच्या दृष्टीने हा प्रगतीचा दिवस होता, परंतु चुंबकीय वेधांच्या दृष्टीने तो मालिकेचा अंत ठरला असता.

याचे कारण ट्रामच्या विद्युत्-मंडलात आहे. ट्रामला एकदिश प्रवाह वरच्या तारेतून मिळतो व तो रुळांवाटे वीजघराकडे परततो. तार आणि रूळ यांतील प्रवाह समान व विरुद्ध असते, तर दूरवर त्यांचे परिणाम परस्परांस जवळजवळ नष्ट करते. परंतु रूळ जमिनीत पुरलेले असतात. त्यांतील प्रवाहाचा काही अंश रूळ सोडून ओल्या मातीतून, नळांतून, समुद्राच्या पाण्यातून वाट काढतो. हा भरकटलेला प्रवाहच वेधशाळेचा शत्रू होय. सरळ वाहकापासून एक किलोमीटर अंतरावर १०० अँपिअर प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र २० नॅनोटेस्ला भरते. त्या प्रवाहाचा पाचवा हिस्सा जरी भरकटला, तरी सुमारे ४ नॅनोटेस्लाचा दोष वेधात शिरेल. शांत दिवसातील संपूर्ण चढउतार जेथे काही दशक नॅनोटेस्लांचा, तेथे दर काही मिनिटांनी ट्राम थांबताना व सुटताना होणारी ही थरथर सहन होण्यासारखी नाही. शिवाय प्रवाह एकदिश असल्याने ती आपोआप शून्यावर येत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास पन्नास वेळा उलटसुलट होतो. जड व मंद चुंबकास त्याची सरासरीच जाणवते, आणि ती शून्य असते. एकदिश प्रवाह मात्र सूचीस एका बाजूस ढकलून ठेवतो, व सूर्यामुळे झालेले विचलन कोणते आणि ट्राममुळे झालेले कोणते, हे छायालेखावरून निवडणे अशक्य होऊन बसते.

हे संकट मुंबईपुरते नव्हते. टोरांटोची वेधशाळा १८९८ मध्ये शहराबाहेर ऑजिनकोर्ट येथे गेली. पॅरिसजवळच्या पार्क सेंट-मोरचे काम १९०१ मध्ये व्हाल-जोयो येथे हलले. क्यू येथील वेधांसाठी १९०८ मध्ये स्कॉटलंडात एस्कडेलम्यूर येथे नवे ठाणे उघडले. आणि ग्रीनिचच्या चुंबकीय विभागासही पुढे विजेच्या रेल्वेमुळे ॲबिंजर गाठावे लागले. विद्युत्-विद्येच्या प्रयोगशाळेला विद्युत्-विद्येच्याच विजयामुळे घर सोडावे लागले, असा हा सार्वत्रिक अनुभव होता.

५

मुंबईपुढे दोन मार्ग होते. ट्रामला विरोध करावा हा पहिला. पण शहराच्या वाढत्या गरजेपुढे तो टिकणारा नव्हता. वेधशाळा हलवावी हा दुसरा. पण त्यात साठ वर्षांची मालिका तुटण्याचा धोका होता. चुंबकीय बल स्थळागणिक बदलते. १९०३ चा आकडा कुलाब्याचा व १९०८ चा अन्य गावचा असेल, तर त्यांतील फरक काळाचा की स्थळाचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वातील दीर्घकालीन बदल हा तर या विद्येचा मुख्य विषय. तोच निरुत्तर झाला असता. म्हणून नवे स्थळ ट्रामच्या प्रभावाबाहेर, तरीही जुन्या स्थळाच्या जवळ असणे अगत्याचे होते.

मुंबईच्या कुलाब्यापासून दक्षिण-आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरांवर, खाडीपलीकडचे अलिबाग या अटी पुऱ्या करीत होते. वरील उदाहरणातील भरकटलेला प्रवाह तेथवर पोचेतो त्याचे क्षेत्र एका नॅनोटेस्लाच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येते. गावास रेल्वे नव्हती, कारखाने नव्हते. अडचण होती ती कोकणच्या दगडाची. सह्याद्रीचा काळा कातळ लोहयुक्त असल्याने स्वतःच चुंबकीय असतो. त्या दगडाच्या भिंती उभारणे म्हणजे शत्रूस घरात घेणे होय. म्हणून पोरबंदरचा दगड आणविण्यात आला, आणि बांधकामात लोखंडाऐवजी तांबे, पितळ व लाकूड यांचा उपयोग केला गेला. उष्णतेने चुंबकाची शक्ती बदलते. यास्तव यंत्रांच्या दालनात तापमान स्थिर राखण्याची तजवीज केली गेली. समुद्रकाठी उभी राहिलेली ही वास्तू स्वतःच एक उपकरण होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९०४ मध्ये अलिबागेस वेध सुरू झाले, पण कुलाब्याचे त्याच दिवशी थांबविले गेले नाहीत. मूस यांच्या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग हाच होय. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी वेध एकाच वेळी चालू ठेवण्यात आले. त्यायोगे दोन स्थळांतील अंतर प्रत्येक घटकासाठी आकड्यांत निश्चित झाले, आणि जुनी मालिका नव्या मालिकेस सांधता आली. विजेची ट्राम सुरू होण्यापूर्वीच सांधा पक्का झाला होता. नंतर १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळे घड्याळाच्या तासांऐवजी वादळाच्या आरंभापासून मोजलेल्या तासांनुसार एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढण्याची जी रीत त्यांनी अवलंबिली, ती पुढे चॅपमन आदी संशोधकांच्या कार्यास उपकारक ठरली.

या स्थलांतराविषयीच्या कागदपत्रांत नामसादृश्यामुळे एक घोटाळा संभवतो, त्याचा खुलासा येथे करणे इष्ट आहे. अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, त्याचे नाव १९८१ च्या आरंभापर्यंत कुलाबा असेच होते. अलिबागेसमोरील आंग्र्यांच्या जलदुर्गावरून ते पडले होते. त्यानंतर जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. इंग्रजी लेखनात मुंबईच्या कुलाब्याचे आद्याक्षर ‘सी’ आणि जिल्ह्याच्या कुलाब्याचे ‘के’ असा भेद पाळला जाई. मराठीत दोन्ही नावे एकरूपच. म्हणून मराठी वृत्तांतांत ‘कुलाब्याची वेधशाळा’ असा उल्लेख आला असता सन पाहिल्यावाचून कोणती वेधशाळा हे ठरवू नये. वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्याकडे गेली, हे विधान मराठीत अक्षरशः खरे आहे.

६

ज्या जिल्ह्याने विजेपासून वेधशाळेस आश्रय दिला, तोच जिल्हा अल्पावधीत मुंबईच्या विजेचे उगमस्थान बनला, हा या इतिहासातील विशेष होय. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली सोडावयाचे आणि त्यावर यंत्रे फिरवावयाची, ही टाटांची योजना खोपोली येथे १९१५ मध्ये कार्यान्वित झाली. त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा येथील वीजघरे सुरू झाली. ही तिन्ही स्थळे आजच्या रायगड जिल्ह्यातील. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, आणि बुडालेल्या जमिनींचे शल्य उरलेच. मुंबईच्या दिव्यांचे मोल कोणी दिले, हा प्रश्न विद्युत्-अभियांत्रिकीच्या इतिहासात वगळता येणार नाही.

रेल्वेनेही ट्रामचेच अनुकरण केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश दाबावर धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली हा मार्गही विजेवर आला. म्हणजे ट्रामचे संकट टळले असते, तरी त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी विजेच्या गाड्या वेधशाळेच्या दाराशी येऊन ठेपल्याच असत्या. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, आणि उपनगरी रेल्वेवरील एकदिश दाबाची पद्धती २०१६ मध्ये पूर्णतः संपून तेथे २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब आला. ज्या कारणासाठी वेधशाळा हलली ते कारण अशा रीतीने उरले नाही. परंतु दरम्यान मुंबई पोलादाने इतकी भरून गेली की परतीचा विचारही संभवत नव्हता.

७

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेस संस्थात्मक रूप मिळाले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाली व अलिबागची वेधशाळा तिच्या कक्षेत आली. पुढे संस्थेचे मुख्यालयही मुंबईच्या कुलाब्याहून रायगड जिल्ह्यातील नवीन पनवेल येथे गेले. छायालेखी कागदाची जागा आता अंकीय यंत्रांनी घेतली असून अलिबागचे आकडे जागतिक वेधशाळा-जालात जातात.

हे आकडे विद्युत्-अभियंत्यास किती निकडीचे आहेत, हे १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात दिसून आले. चुंबकीय वादळाने जमिनीत उत्पन्न झालेले मंदगती प्रवाह भूसंयोगांवाटे रोहित्रांत शिरले, आणि सुमारे साठ लक्ष लोकांचा वीजपुरवठा कित्येक तास बंद पडला. अशा प्रवाहाने रोहित्राचा लोहगाभा संपृक्त होतो, त्यात अतिरिक्त उष्णता निर्माण होते व संरक्षक यंत्रणा विपरीत वागू लागतात. एकेकाळी विजेच्या जाळ्याने चुंबकसूचीस त्रास दिला होता. आता पृथ्वीचे चुंबकत्वच विजेच्या जाळ्यास त्रास देऊ लागले होते. अशा प्रसंगी कमाल आघात किती असू शकेल, याचा अंदाज बांधण्यास १८५९ च्या कुलाब्यातील नोंदीहून मोलाचा पुरावा उष्ण कटिबंधातून क्वचितच मिळेल.

लोणेरे येथील विद्यापीठाचा कायदा याच १९८९ सालचा, आणि तेथे विद्युत्-अभियांत्रिकीचे अध्यापन चालते. पुण्याच्या वर्गातून निघालेल्या मूस यांस मुंबईच्या वेधशाळेपर्यंत जावे लागले, नागावच्या केरूनानांस तर शिक्षणासाठीच घर सोडावे लागले; आज या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यास आपल्याच जिल्ह्यात पदवी, वीजघर, संशोधनसंस्था व वेधशाळा ही चारही उपलब्ध आहेत. यंत्रशाळेतील रोहित्राची चाचणी आणि अलिबागेतील चुंबकलेख हे एकाच विषयाचे दोन पाठ होत, ही दृष्टी अभ्यासक्रमात आणणे अशक्य नाही. त्यासाठी नव्या वास्तूंपेक्षा मूस यांची रीतच अधिक उपयोगी पडेल : जुने बंद करण्यापूर्वी नवे सुरू करावे, दोन्ही काही काळ शेजारी चालवावीत, आणि त्यांतील अंतर मोजून लिहून ठेवावे. १९०४ ते १९०६ या दोन वर्षांचा जादा खर्च व श्रम वाचविले गेले असते, तर १८४६ पासूनच्या वह्या केवळ संग्रहालयात ठेवण्याजोग्या राहिल्या असत्या. ते श्रम घेतले गेले, म्हणून त्या मालिकेतील आजचा आकडा पहिल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.